ऐंशीच्या दशकातलं मागे पडलेलं पॉप: कॅसेट आणि तबकड्यांवरून गाणी उतरवण्याच्या नोंदी

काम असं: १९८० ते १९८९ मधलं भारतीय आणि भारताशी नातं असलेलं ब्रिटिश, पाकिस्तानी पॉप, न्यू वेव्ह (पंकनंतरचं, सिंथेसायझरवर भर असलेलं पॉप-रॉक) मूळ कॅसेट आणि तबकड्यांवरून नीट उतरवायचं. या गाण्यांच्या फिरत असलेल्या बहुतेक फायली प्रतीवरून काढलेल्या प्रतीच्या प्रती आहेत. त्या ऐकून 'आवाज तेव्हाच बोदा होता' असं मत बनतं. ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. फीत ठीक असते, वाजवणारं यंत्र बिघडलेलं असतं. त्यामुळे इथे गाण्यांपेक्षा यंत्राबद्दलच जास्त लिहिलं आहे.

१४ जुलै २०२४. यादी

कॅसेट: गोव्याचा गायक-संगीतकार रेमो फर्नांडिसच्या 'गोवन क्रेझी!' (१९८४), 'पॅक दॅट स्मॅक!' (१९८६) आणि 'बॉम्बे सिटी!' (१९८७), नाझिया आणि झोहेब हसन या पाकिस्तानी भावंडांच्या 'यंग तरंग' (१९८४) आणि 'हॉटलाइन' (१९८७). तबकड्या: लंडनच्या मॉन्सून या गटाची 'थर्ड आय' (१९८३), ब्लँकमांज या इंग्लिश सिंथ-पॉप जोडीची 'हॅपी फॅमिलीज' (१९८२), आणि वेस्ट इंडिया कंपनीची आशा भोसले यांनी गायलेली १९८४ ची तबकडी.

नाझियाची 'डिस्को दीवाने' (१९८१) मुद्दाम घेतली नाही. ती सगळ्यांना माहीत आहे आणि चांगल्या प्रती सहज मिळतात. 'यंग तरंग' आणि 'हॉटलाइन' या नंतरच्या दोन कॅसेटकडे मात्र कोणी वळून बघत नाही. सिंथेसायझरची बांधणी त्यांतच जास्त धीट आहे.

२० जुलै. बुरशी

कोकणपट्टीत किंवा मुंबईत कपाटात राहिलेली कॅसेट खिडकीतून बघताच कळते: रिळावर पांढरट ठिपके किंवा कडेला राखेसारखा थर. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) आणि पिंच रोलरवर (फीत दाबून पुढे नेणाऱ्या रबरी चाकावर) बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

क्रम असा ठेवला. आधी हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत आठवडाभर वाळवणं. मग तोंडाला मास्क लावून, गॅलरीत, मऊ ब्रशने रिळाची कड झाडणं. त्यानंतर एका भंगारातल्या प्लेअरवर फीत पुढे-मागे फिरवणं. फिरताना फितीच्या वाटेत लिंट नसलेलं कोरडं कापड हलकेच धरायचं. कापड स्वच्छ निघेपर्यंत हे करत राहायचं. तो प्लेअर यापुढे फक्त याच कामाचा.

ओलं काही लावू नका. स्पिरिटने फितीवरचा चुंबकीय थर सुटू शकतो.

पावसाळ्यात हे काम काढणं तसं गैरसोयीचं. सिलिका जेल तीन-चार दिवसांत ओलं होतं आणि तव्यावर मंद आचेवर वाळवून परत भरावं लागतं. घाई नसेल तर नोव्हेंबरची वाट बघा.

२८ जुलै. डेक

दोन मोटरचा, तीन हेडचा जपानी डेक, जुना, ₹७,५००. विकणाऱ्याने 'चालू' म्हणून दिला. दिवे लागत होते, फीत फिरत नव्हती. आतला कॅप्स्टनचा (फीत ओढणाऱ्या दांड्याचा) बेल्ट वितळून काळा डांबरासारखा चिकटा झाला होता. जुन्या डेकमध्ये हे ठरलेलंच, किंमत ठरवतानाच धरून चला.

चिकटा काढायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायचे कापसाचे बोळे. चिकटा फ्लायव्हीलच्या (कॅप्स्टनच्या जड चाकाच्या) खाचेत राहिला तर नवा बेल्ट दर फेऱ्याला उडी मारतो आणि सूर थरथरतो. त्यामुळे नखाला काळं लागणं थांबेपर्यंत पुसा.

बेल्टचं माप: पुली आणि फ्लायव्हीलभोवती दोरा गुंडाळून घेर मोजायचा, नवा बेल्ट त्याहून साधारण पाच टक्के लहान. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिश्र मापांची पिशवी ₹२५० ला मिळाली. पहिला बसवलेला बेल्ट फार घट्ट होता. मोटर कण्हत होती आणि वेग डगमगत होता. त्याहून एक माप मोठा घेतल्यावर चाल स्थिर झाली.

पिंच रोलरच्या रबराला अल्कोहोल लावू नका, रबर कडक होतं. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरतो. रबर चकचकीत दिसत असेल तर बारीक सँडपेपरने हलकेच घासून तकाकी घालवा. गुळगुळीत रोलरवर फीत सरकते, आणि कॅसेट 'चावण्याचं' हे पहिलं कारण.

हेडची चुंबकता घालवताना डेकची वायर काढलेली असावी. डीमॅग्नेटायझर हेडपासून हातभर लांब असतानाच सुरू करायचा, हळूहळू जवळ न्यायचा, तितक्याच हळू मागे घ्यायचा आणि लांब गेल्यावरच बंद करायचा. जवळ असताना बंद केला तर हेड आधीपेक्षा जास्त चुंबकीय होतं.

४ ऑगस्ट. वेग

कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंमी. ३,१५० हर्ट्झच्या चाचणी कॅसेटवर डेक ३,२१२ दाखवत होता, म्हणजे जवळपास दोन टक्के जलद. पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं जे अंतर, त्याच्या एक तृतीयांशाने सूर चढा. एकट्याने ऐकताना हे कळत नाही. मात्र गाण्यासोबत पेटी किंवा गिटार धरली की लगेच खटकतं. नाझियाचा आवाज फिरत्या फायलींमध्ये बालिश वाटतो, त्यातला बराच भाग याच चढ्या वेगाचा आहे.

मोटरच्या मागच्या भोकातून आतला लहान स्क्रू प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा. लोखंडी घातला तर शॉर्ट होण्याचा धोका. त्याआधी डेक अर्धा तास चालवून गरम करा. थंड डेकवर लावलेला वेग गरम झाल्यावर सरकतो.

चाचणी कॅसेट ₹१,८०० ला पडली, डेकनंतरचा सर्वांत महाग पण टाळता न येणारा खर्च. तिच्याशिवाय चालवायचं म्हणून रेकॉर्डिंगमधली विजेची ५० हर्ट्झची घरघर शोधून तिच्यावरून वेग लावायची एक युक्ती सांगितली जाते. घरी ध्वनिमुद्रित झालेल्या भारतीय कॅसेटसाठी ती वापरू नका. ऐंशीच्या दशकात आपल्या ग्रिडची वारंवारिता भाराप्रमाणे बरीच वरखाली होत असे. ५० चा भरवसा धरला तर बरोबर असलेला वेग बिघडवून बसाल.

११ ऑगस्ट. कवच आणि नमदा

फितीच्या मागे पितळी पट्टीवर नमद्याचा (फेल्टचा) लहान तुकडा असतो. तो फितीला हेडवर दाबून धरतो. चाळीस वर्षांत त्याचा गोंद सुकतो आणि तुकडा पडतो. मग आवाज येतो-जातो आणि वरचे सूर गायब. अशी कॅसेट 'खराब' म्हणून फेकलेली दिसते, फीत मात्र धडधाकट असते.

उपाय म्हणजे पाच स्क्रूच्या कोऱ्या कॅसेटचं कवच घेऊन रिळं त्यात बसवणं. मूळ कवच स्क्रूचं असेल तर काम सोपं. चिकटवलेलं असेल तर सांध्यावर कटरचं पातं उभं धरून, लेबलाच्या विरुद्ध बाजूपासून, थोडं थोडं फिरवत उघडायचं. एका झटक्यात उघडलं तर आतली रिळं सुटतात आणि फीत जमिनीवर. लेबलं जपायची असतील तर उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा.

फितीची सुरुवात पारदर्शक लीडरला (सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीला) जिथे जोडलेली असते तो जोडही सुटतो. तिथे फक्त कॅसेटसाठीची स्प्लायसिंग पट्टी लावा. साधी सेलोटेप लावली तर तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो.

रिळं नव्या कवचात गेल्यावर फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवावी. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेले वेढे त्याने मोकळे होतात.

१८ ऑगस्ट. हेडचा कोन

बाकी सगळं वगळलं तरी चालेल, ही नोंद वगळू नका.

डावा आणि उजवा ट्रॅक प्रत्येकी सुमारे ०.६ मिमी रुंद. १०,००० हर्ट्झच्या सुराची एक लाट फितीवर ४.७६ मायक्रॉन लांबीची असते. हेडमधली फट फितीला काटकोनात हवी. ती पाव अंश तिरकी झाली तरी या सुराचे जवळपास ५ डेसिबल जातात. साधारण ०.४५ अंशावर तो सूर पूर्ण नाहीसा होतो. डावा-उजवा एकत्र करून मोनो केलं तर याहून कमी, ०.१५ अंशाच्या आसपासच, दोन्ही ट्रॅक एकमेकांना खोडून काढतात. हाय-हॅट, टाळ्या, सिंथची धार हे सगळं याच भागात असतं. न्यू वेव्हचं अर्धं रूप या भागात आहे.

प्रत्येक कॅसेट ज्या यंत्रावर भरली गेली त्याचा कोन तिच्यावर असतो. म्हणून डेक कितीही बिनचूक लावलेला असला तरी प्रत्येक कॅसेटसाठी, आणि प्रत्येक बाजूसाठी वेगळा कोन लावावा लागतो. 'पॅक दॅट स्मॅक!'च्या हाताशी असलेल्या प्रतीच्या दोन बाजूंमध्ये इतका फरक निघाला की एका बाजूला लावलेल्या कोनावर दुसरी बाजू ब्लँकेटखाली वाजल्यासारखी ऐकू येत होती.

कोन लावायचा तो हेडच्या ज्या बाजूला स्प्रिंग आहे त्या स्क्रूने. दुसऱ्या बाजूचा स्क्रू उंचीचा असतो, त्याला हात लावायचा नाही. स्क्रूड्रायव्हर चुंबकीय नसावा. डेकचं दाराचं झाकण काढलं की बहुतेक यंत्रांत स्क्रूपर्यंत वाट मिळते.

आधी स्टीरिओमध्ये हेडफोनवर फक्त डावा ट्रॅक ऐका. स्क्रू एका फेऱ्याच्या आठव्या हिश्श्याहून कमी फिरवत वरचे सूर सर्वांत उजळ होतील तिथे थांबा. मग मोनो करा आणि त्याच जागेच्या आसपास केसभर मागेपुढे करून पुन्हा सर्वांत उजळ जागा शोधा. उलट क्रम करू नका. सुरुवातच मोनोने केली तर खोटं शिखर लागतं: लाट एक पूर्ण पाऊल चुकलेली असते, मोनोत बरं वाटतं आणि प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे मंदावलेला असतो.

पडताळणी पडद्यावर. ९६ किलोहर्ट्झला एक नमुना (सॅम्पल) १०.४ मायक्रोसेकंदांचा असतो. ड्रम मशीनचा एकटा ठोका शोधून तो इतका मोठा करा की नमुने मोजता येतील. ठोका मधोमध ठेवलेला असेल तर डाव्या-उजव्याचं शिखर एकाच नमुन्यावर यायला हवं. दोघांत पाच नमुन्यांचा फरक म्हणजे १०,००० हर्ट्झला सरळ उलटी लाट.

काम संपल्यावर चाचणी कॅसेट घालून कोन मूळ जागी आणायचा आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका. हा ठिपका नसेल तर स्क्रू आपोआप सैल होत जातो.

२५ ऑगस्ट. डॉल्बीचं बटण

आधी उतरवलेल्या चार बाजू पुन्हा उतरवाव्या लागल्या. डेकवर डॉल्बी बी (फितीचा सुसकारा, म्हणजे 'हिस', कमी करणारी सोय) चालू राहिलं होतं आणि कॅसेट डॉल्बीशिवाय भरलेल्या होत्या.

डॉल्बी बी भरताना वरचे हलके सूर १० डेसिबलपर्यंत उचलतं आणि वाजवताना तेवढेच खाली आणतं. भरताना उचललेच नसतील तर वाजवताना नुसतीच कपात होते. सुसकारा कमी झाल्यामुळे पहिल्या ऐकण्यात ते 'स्वच्छ' वाटतं, हीच त्यातली फसवणूक. कव्हरवर दुहेरी डीचं चिन्ह नसेल तर बटण बंदच ठेवा. आपल्याकडच्या त्या काळच्या बहुतेक कॅसेटवर ते नाही. चिन्ह असेल तर कोन आधी लावा, डॉल्बी नंतर चालू करा. तिरक्या हेडवर डॉल्बी झालेलं नुकसान आणखी वाढवतं.

फीत साध्या फेरिक प्रकारची असेल तर डेकचं इक्वलायझेशन (सुरांचा समतोल) १२० मायक्रोसेकंदांच्या खुणेवर. क्रोमच्या ७० वर वाजवली तर वरचा भाग मंदावतो.

८ सप्टेंबर. 'गोवन क्रेझी!'

कोन, वेग आणि डॉल्बी जागेवर आल्यावर ही कॅसेट वेगळीच निघाली.

रेमोने ही गोव्यात शिवोलीच्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केली. प्रती विकण्यासाठी पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी तोच फिरला. चार ट्रॅक भरले की त्यांची गोळाबेरीज करून जागा मोकळी करायची आणि वर पुढचं वाद्य भरायचं. दर वेळी सुसकारा वाढतो आणि वरचा भाग थोडा झिजतो. म्हणून या कॅसेटवर सुसकारा आहे आणि तो तिच्या घडणीचाच भाग आहे. तो पुसायचा प्रयत्न केला तर बासरीचा श्वास आधी जातो.

नीट लावलेल्या हेडवर ऐकलं की कुठलं वाद्य आधी भरलं आणि कुठलं शेवटी, हे ओळखता येतं. शेवटचं सर्वांत उजळ असतं. मुंबईच्या जे.जे.मध्ये आर्किटेक्चर शिकलेला हा माणूस आवाजांची जागा आखून ठेवतो आणि ती आखणी बोद्या प्रतीत पूर्ण बुजते. कोणत्याही रेकॉर्ड कंपनीच्या आधाराशिवाय १९८४ मध्ये हे उभं राहिलं. इंग्लंडमधल्या घरगुती न्यू वेव्हबद्दल जेवढं लिहिलं जातं तेवढंच याबद्दलही लिहिलं गेलं पाहिजे.

२२ सप्टेंबर. तबकड्या

मॉन्सूनचं 'एव्हर सो लोनली' १९८२ मध्ये ब्रिटिश लोकप्रिय गाण्यांच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं. शीला चंद्राचा आवाज, सतार, तबला आणि पॉपची चौकट. एवढ्या वर जाऊनही 'थर्ड आय' हा त्यांचा एकमेव अल्बम ठरला. ब्लँकमांजच्या 'लिव्हिंग ऑन द सीलिंग'मध्ये दीपक खजांचींची सतार आणि पंडित दिनेश यांचा तबला आहे. पुढे ब्लँकमांजचे स्टीफन लस्कोम आणि पंडित दिनेश यांनी वेस्ट इंडिया कंपनी उभी केली आणि आशाताईंकडून 'आवे मारिया (ओम गणेशा)' गाऊन घेतलं. आशाताईंच्या याद्यांमध्ये ही तबकडी क्वचितच दिसते.

धुलाई: एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये फोटोग्राफीच्या वेटिंग एजंटचे (पाणी एकसारखं पसरवणाऱ्या द्रव्याचे) चार-पाच थेंब. मखमली ब्रश खाचेच्या दिशेने, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरची दुसरी धुलाई, मग उभी करून वाळवणं. नळाचं पाणी वापरलं तर क्षार खाचेत बसतात आणि खरखर धुण्याआधीपेक्षा वाढते. लेबल भिजू नये म्हणून त्यावर रबरी कडेचं झाकण.

सुईचा भार ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई साठी २.० ग्रॅम, ₹६०० च्या डिजिटल काट्यावर मोजलेला. 'कमी भार म्हणजे तबकडीची काळजी' या समजुतीने १.५ वर ठेवू नका. सुई खाचेत उडते आणि भिंतीच खरडते. आशाताईंच्या 'स' आणि 'श' वर आवाज फाटत होता. भार बरोबर होता, पण कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) आर्मच्या टोकाशी दीड मिलिमीटर मागे बसलं होतं. प्रोट्रॅक्टरवर (सुईची जागा मोजायच्या तक्त्यावर) जागेवर आणल्यावर 'श' स्वच्छ आला. तबकडीच्या आतल्या गाण्यांवर फाटणं जास्त असेल तर आधी हेच तपासा, तबकडीला दोष नंतर द्या.

बारा इंची तबकडीचा वेग आकारावरून ठरवू नका, लेबल वाचा. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या बारा इंची एकेऱ्या (सिंगल) खूप आहेत.

६ ऑक्टोबर. सफाईचं सॉफ्टवेअर

तबकड्यांच्या टिकटिकीसाठी स्वयंचलित क्लिक काढणी चालवली आणि गाण्यांतला जीव गेला. ड्रम मशीनचा रिमशॉट आणि टाळी हे दोन्ही उभे, अतिशय छोटे ठोके असतात. सॉफ्टवेअरला ते ओरखडेच वाटतात. तबल्याच्या चाटीचंही तेच. आता संवेदनशीलता अगदी खाली ठेवून, 'फक्त काढलेला भाग ऐका' या पर्यायावर पूर्ण गाणं ऐकायचं. त्यात लय ऐकू आली तर सेटिंग चुकलं. उरलेले मोठे ओरखडे हाताने.

या आवाजांची खरी धार कशी असते हे कानाला माहीत हवं. त्यासाठी चरणजित सिंग यांच्या दहा रागांच्या डिस्को तबकडीचं पुनर्मुद्रण लावून ठेवलं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या माणसाने १९८२ मध्ये टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ या रोलँडच्या तीन यंत्रांवर भूपाळी, मालकंस, मेघमल्हार वाजवले. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या रेकॉर्ड कंपनीने ती पुन्हा काढली आणि जगभर लोक थक्क झाले, कारण ३०३ चा तो आवाज शिकागोच्या अ‍ॅसिड हाऊस या नृत्यसंगीताच्या आधीचा होता. ८०८ ची टाळी तिच्यात जशी ऐकू येते तशी सफाईनंतर राहिली पाहिजे, ही कसोटी.

कॅसेटचा सुसकारा काढण्याचा नाद सोडला. ३ डेसिबलहून जास्त कमी केला की सिंथच्या लांब सुरांना पाण्याखालचा गुळगुळ आवाज चिकटतो.

२० ऑक्टोबर. फायली

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आत. एका तासाला सुमारे २ जीबी लागतात, फ्लॅकमध्ये (दर्जा न घालवता लहान केलेल्या फाईलमध्ये) बरंच कमी. कच्ची फाईल वेगळी आणि कायम ठेवायची. सफाईची पद्धत पाच वर्षांनी सुधारेल, फीत तोवर सुधारणार नाही.

फाईलच्या माहितीत गाण्याच्या नावासोबत हेही घालतो: कोणती बाजू, डॉल्बी होतं की नाही, वेग किती टक्के सुधारला, तबकडीच्या शेवटच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला क्रमांक. एकाच अल्बमच्या वेगवेगळ्या मुद्रणांचे आवाज वेगळे असतात. या क्रमांकाशिवाय दुसऱ्याने उतरवलेल्या प्रतीशी तुलनाच होत नाही.

३ नोव्हेंबर. हक्क आणि खर्च

ही रेकॉर्डिंगं अजून संरक्षित आहेत. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९८४ ची कॅसेट २०४४ अखेरपर्यंत. उतरवलेल्या फायली घरातच राहतील. गाणी इतरांपर्यंत पोचवायची असतील तर मूळ हक्कदारांना चांगली प्रत दाखवून पुनर्मुद्रणासाठी विचारणं हाच रस्ता आहे. कलकत्त्याच्या रूपा बिस्वास यांची १९८२ ची, कॅनडातल्या कॅल्गरीत ध्वनिमुद्रित झालेली 'डिस्को जॅझ' अशीच २०१९ मध्ये रीतसर परत आली.

खर्च: डेक ₹७,५००, बेल्ट ₹२५०, चाचणी कॅसेट ₹१,८००, अल्कोहोल, ब्रश, सिलिका जेल मिळून ₹९००, कोऱ्या स्क्रूच्या कॅसेट ₹७२०, काटा ₹६००. टर्नटेबल आणि ऑडिओ इंटरफेस आधीपासून होते.

बाकी आहे 'हॉटलाइन'ची दुसरी बाजू. फीत मध्यावर दुमडली आहे आणि चार सेकंद उजवा ट्रॅक बुडतो. दुमड इस्त्री करून जात नाही. दुसरी प्रत मिळाली की तेवढा भाग तिच्यावरून घ्यायचा, त्याच वेगाने आणि त्या प्रतीचा कोन नव्याने लावून.